एकेचाळिसाव्या नावानंतर

पहिला दगड खिडकीतून आला तेव्हा शलाका प्रिंटरची वायर शोधायला टेबलाखाली वाकली होती, म्हणून तिचं डोकं वाचलं. दगड समोरच्या भिंतीवर आपटला. कालव्याचा काचेत लावलेला नकाशा खिळ्यासकट खाली आला आणि काचा माझ्या चपलांपर्यंत पसरल्या.

"काका, खाली बसा," ती टेबलाखालूनच म्हणाली.

मी बसलो. मांडीवरचं जाड बाड छातीशी धरलं होतं, ते तसंच राहिलं. दारापाशी कारकून लवटे उभा होता. तो बसला नाही. त्यानं कडी आणखी एकदा चाचपून पाहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "साहेब, ही माझ्या ओळखीची माणसं आहेत. मी बाहेर जाऊन बोलतो."

"नको," शलाका म्हणाली. "आधी मला कळू दे काय झालंय."

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. एप्रिल महिना होता, सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. एवढं नक्की, कारण भिंतीवरचं घड्याळ नकाशाच्या शेजारीच होतं आणि ते पडलं नाही.

वाघजळ आणि चिंचखोरी या दोन गावांची मिळून एक पाणीवापर संस्था होती. कालव्यातून निघणारी सात नंबरची चारी आधी वाघजळच्या रानातून जायची आणि उरलंसुरलं पाणी घेऊन चिंचखोरीला पोचायची. उन्हाळ्यात पाणी सुटलं की कुणी किती तास घ्यायचं याची यादी लागायची, तिला पाळीपत्रक म्हणत. तोवर दोन्ही गावांच्या याद्या वेगळ्या असत. वाघजळचा आठवडा आधी, चिंचखोरीचा नंतर, आणि नंतरच्या आठवड्यात कालवाच आटलेला असे. त्यावरून डोकी फुटली होती. म्हणून त्या वर्षी संस्थेनं ठरवलं, की दोन्ही गावांची एकच यादी, सात दिवसांचे एकशे अडुसष्ट तास, आणि यादी माणसानं न करता कॉम्प्युटरनं करायची. ते काम आमच्या पुण्याच्या कंपनीला मिळालं होतं.

शलाका भोईटे त्या कामाची प्रमुख होती. अठ्ठावीस वर्षांची, फलटणकडची. मी चोपन्न वर्षांचा होतो. सरकारी कचेरीत आकडे तपासण्यात उमेद घालवून, स्वेच्छानिवृत्ती घेऊन या कंपनीत लागलो होतो. माझं काम म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा याच्या मराठी पुस्तिका लिहिणं. मी लाजाळू माणूस. कॅन्टीनमध्ये चहा मागतानासुद्धा आधी दुसऱ्या कुणाला मागू द्यायचो. मला वाचायला मात्र आवडायचं. कंपनीतली प्रोग्राम लिहिणारी पोरं ज्या टूलकिटवर काम करत होती, त्याची साडेतीनशे पानांची मार्गदर्शिका मी छापून, स्पायरल बाइंडिंग करून घेतली होती आणि ओळ न् ओळ वाचत होतो. ऑफिसात तिला "मुजुमदार काकांची पोथी" म्हणत. माझ्या छातीशी होतं ते हेच बाड.

टूलकिटचं काम सांगायला सोपं होतं. प्रोग्राम लिहायचा जावा या भाषेत, आणि टूलकिट त्याचं भाषांतर जावास्क्रिप्टमध्ये करून द्यायचं, कारण ब्राउझरला तेवढीच कळते. हे भाषांतर व्हायला आमच्या मशीनवर सव्वीस मिनिटं लागायची. पोरं दिवसातून पन्नास वेळा एखादी ओळ बदलत, मग दर वेळी सव्वीस मिनिटं कोण थांबणार? टूलकिटमध्येच एक सोय होती, की भाषांतर न करता प्रोग्राम जावामध्येच चालवून बघायचा. सगळे तसंच करत. शलाकाही तसंच करायची. "जावात चाललं की चाललं," असं ती म्हणायची.

तर आदल्या संध्याकाळी आम्ही भाषांतर केलेला प्रोग्राम संस्थेच्या ह्याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसवला. सकाळी लवट्यानं त्यावरून पहिली एकत्र यादी छापली आणि बाहेरच्या बोर्डावर लावली. दुपारी दोनला चारीचं दार उघडायचं होतं. दहाच्या सुमाराला चिंचखोरीची माणसं यादी बघायला आली. यादीत वाघजळची एकेचाळीस नावं होती. त्याखाली कोरा कागद.

दुसरा दगड आला नाही. त्याऐवजी दारावर थाप पडली.

"ओ ताई. दार उघडा. बोलायचंय."

"जालिंदर बोबडे," लवटे हळू आवाजात म्हणाला. "त्याची डाळिंबं आहेत. बहार धरलाय त्यानं."

शलाकानं उठून कडी काढली. आत चौघं आले. पुढं जालिंदर, पस्तिशीचा, दाढी वाढलेली, पायात चिखल वाळलेले बूट. मागं त्याचा चुलता, ज्याला सगळे तात्या म्हणत होते. बाकीचे अंगणातच थांबले, पंचवीस-तीस असतील.

"आमी दगड मारणारी माणसं न्हाई," जालिंदर म्हणाला. "त्यो पोरांनी मारला. पण ताई, बोर्डावर आमचं गावच न्हाई. झाडं फुलावर हायेत. हे पाणी चुकलं तर सगळी फुलं खाली येत्यात. पुढचं पाणी मे म्हैन्यात, तवा काय जाळायचं त्ये?"

"तुमचं नाव यादीत आहे, दादा," शलाका म्हणाली. "मी स्वतः घातलंय. या इकडे."

तिनं आपला लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. यादी खाली सरकवली. एकेचाळीस, आणि खाली बेचाळीस.

"वाचा."

जालिंदरनं पडद्यावर बोट टेकवलं. "बोबडे जालिंदर मारुती. चार तास." बोट खाली गेलं. "बोबडे तात्याबा… हे आपलं तात्यांचं. पवार… शेळके… सगळी हायेत की." तो मागं वळून हसला. "तात्या, हायेत ओ नावं."

खोलीतली सगळीच माणसं सैलावली. लवट्यानं कपाळ पुसलं. मला आठवतं, तात्यानं खिशातून तंबाखूची डबीसुद्धा काढली.

"मग बोर्डावर का न्हाईत?" तात्या म्हणाला.

"ते आता बघू," शलाका म्हणाली, आणि तिथं तिनं एक प्रामाणिकपणा केला. ती संस्थेच्या कॉम्प्युटरपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत तीच यादी उघडली. एक ते एकेचाळीस. खाली पांढरं. तिनं पुन्हा उघडली. पुन्हा पांढरं.

"माझ्याकडे चालतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

जालिंदर एकदा लॅपटॉपकडे बघत होता, एकदा संस्थेच्या कॉम्प्युटरकडे. त्याला वेळ लागला, पण फार नाही.

"म्हंजी तुमच्या मशीनवर नावं हायेत."

"हो."

"आन् हितल्या मशीनवर न्हाईत."

"हो, पण…"

"हितल्या मशीनवर कोन बसतंय?"

सगळे लवट्याकडे बघायला लागले.

एकनाथ लवटे संस्थेचा कारकून होता आणि चारीच्या दाराची चावीही त्याच्याकडेच असे. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत सगळ्या गुंड्या लावणारा. आदल्या दिवशी मी त्याला प्रोग्राम शिकवला तेव्हा प्रत्येक बटण दाबण्याआधी तो मला विचारत होता, "दाबू ना, साहेब?" मला तो लगेच आवडला होता.

"मी काही काढलं नाही," तो म्हणाला. "मला काढता येतच नाही ते. साहेबांना विचारा."

"लवटे, सासुरवाडी कुठली तुझी?" तात्यानं विचारलं. त्याला ते माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं.

"वाघजळ."

"बघा. आजवर सासरा जावयाला वाण देत होता. यंदा जावयानंच सासऱ्याला दिलं."

दारातली माणसं हसली.

"थांबा जरा," शलाका म्हणाली. ती लॅपटॉपवर वाकली होती, बोटं भराभर चालली होती. "हे ह्यांनी केलेलं नाही. दोन मशीनमध्ये काहीतरी फरक पडतोय. मला शोधू दे. अर्धा तास द्या."

"अर्ध्या तासात ह्यो नावं परत घालील, आन् म्हनंल मशीन बिघडलं हुतं."

"तसं करता येत नाही, दादा."

"काडता येतंय, घालता येत न्हाई व्हय?"

मी तोवर बाड उघडलं होतं. मला हवं होतं ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण तिथं चिठ्ठी होती. मी वाचलं. पुन्हा वाचलं. मी टेबलापाशी गेलो.

"शलाका," मी म्हणालो.

तिनं पडद्यावरून नजर न काढता एक बोट वर केलं. "एक मिनिट, काका."

मी थांबलो.

त्या मिनिटात जालिंदरनं लवट्याची कॉलर धरली. लवटे म्हणाला, "जालिंदर, अरे ऐक," आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या दोन गुंड्या तुटून काचांमध्ये पडल्या. चौघांनी त्याला दारातून बाहेर ओढलं. त्याची एक चप्पल उंबऱ्याला अडकून आतच राहिली. भिंतीशी लोखंडी चावी टेकवून ठेवलेली होती, चारीचं दार वर-खाली करायची, हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड. जाता जाता जालिंदरनं ती उचलली.

मग मी बाड तिच्या कीबोर्डवरच ठेवलं.

"वाच," मी म्हणालो. तिच्यासमोर मी कधी असा आवाज काढला नव्हता.

ती वाचायला लागली. बाहेरून पहिल्या फटक्याचा आवाज आला. ओल्या पोत्यावर दांडा मारावा तसा. लवटे ओरडला नाही, नुसता श्वास सुटल्यासारखा हुंदका आला.

पानावर लिहिलं होतं ते साधंच होतं. यादीत एकेचाळीस नावं असताना बेचाळिसावं मागितलं, तर जावा अडवते आणि चूक झाल्याचं सांगते. भाषांतर झालेली जावास्क्रिप्ट अडवत नाही. ती 'काहीच नाही' असं काहीतरी हातात ठेवते आणि पुढं जाते. म्हणून त्या अडवण्याच्या भरवशावर प्रोग्राम लिहू नये.

शलाकाचा प्रोग्राम नेमका त्या भरवशावर लिहिलेला होता. तास मोजत जायचं, एकशे अडुसष्ट होईपर्यंत. वाघजळची नावं संपली की जावा अडवणार, आणि अडवलं की चिंचखोरीची यादी सुरू करायची. लॅपटॉपवर तसं होत होतं. संस्थेच्या कॉम्प्युटरवर अडवणारं कुणी नव्हतं. बेरजेत 'काहीच नाही' मिसळलं, की ती बेरीजच राहत नाही. मग 'एकशे अडुसष्टपेक्षा कमी आहे का' या प्रश्नाला उत्तर 'नाही' असं येतं आणि काम संपतं. चूक कुठंच दिसत नाही. एक गाव तेवढं गळतं.

शलाकानं बाडातून मान वर केली.

"हे तुम्हाला आत्ता सापडलं?"

"हो," मी म्हणालो. "आत्ताच."

चिठ्ठी माझ्या मुठीत होती. ती मी खिशात घातली.

"चार ओळी बदलायच्यात," ती म्हणाली. तिची बोटं चालायला लागली होती. "पण भाषांतर… काका, सव्वीस मिनिटं."

"तू कर," मी म्हणालो. "मी बाहेर जातो."

"तुम्ही जाऊन काय करणार?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी बाड उचललं आणि बाहेर आलो.

अंगण म्हणजे कालव्याच्या बांधावरची मोकळी जागा होती, कडेला एक लिंबाचं झाड. त्याच्या बुंध्याशी लवट्याला बसवलं होतं. दोघांनी हात मागं धरले होते. बनियन फाटलं होतं, नाकातून रक्त येऊन हनुवटीवरून थेंब पडत होते. जालिंदर चावी दोन्ही हातांत धरून उभा होता. पोरं फावड्याचे दांडे घेऊन भोवती होती, त्यातला एकजण लवट्याच्या नडगीवर पुन्हा पुन्हा मारत होता, फार जोरात नाही, पण एकाच जागी. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. त्यात राग नव्हता. तो नुसता काम करत होता.

"नावं कुनी काडली?"

"कुणीच नाही, जालिंदर."

फटका.

"कुनी काडली?"

"अरे माझी मुलं तुझ्या पोरांबरोबर शाळेत…"

फटका.

"चूक आमची आहे," मी म्हणालो.

कुणी वळूनही पाहिलं नाही. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मी आयुष्यभर असाच बोलत आलो होतो, समोरच्यानं नाही ऐकलं तरी चालेल अशा बेतानं.

"चूक आमची आहे. प्रोग्रामची. हे बघा, इथं छापलेलं आहे."

एकजण वळला. "म्हातारं काय म्हनतंय?"

"म्हनतंय, चूक त्येंची हाय."

"मग घ्या की त्येला पन."

मला कोपर दिसलं, दांडा दिसला नाही. तोंडात काहीतरी फुटलं आणि मी बाडावरच पालथा पडलो. तोंडात लोखंडाची चव आली, जिभेखाली दाताचा तुकडा. कुणीतरी कमरेत लाथ घातली. दुसरी घातली. मग त्यांनी माझा नाद सोडला. माझा गाल मातीत होता आणि तिथून लवट्याचा चेहरा सरळ समोर दिसत होता. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल.

तो माझ्याकडेच बघत होता. मला वाटलं, त्याला मी ऐकू आलो. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

"शेवटचं इचारतो," जालिंदर म्हणाला. त्याचाही आवाज आता रडल्यासारखा येत होता. "आमची झाडं उभी जळायची. कुनी काडली नावं?"

लवट्याच्या कपाळावर आठी होती, विसरलेलं काही आठवत असल्यासारखी.

"मी," तो म्हणाला. "माझ्याकडूनच… मीच काढली."

आता हे थांबेल, असं मला वाटलं. लवट्यालाही तसंच वाटलं असणार. पण जालिंदरच्या हातात चावी वर गेलेली होती आणि ते शब्द ऐकल्यावर ती जास्तच जोरात खाली आली. चावीच्या टोकाला चौकोनी खोबण असते, दाराच्या दांड्यावर बसवायची. ती लवट्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

तो आवाज मी लिहीत नाही.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. चारीच्या रस्त्यानं मोटरसायकली आल्या. वाघजळला कुणीतरी कळवलं होतं. दहा-बारा माणसं उतरली, ऊसतोडीचे कोयते घेऊन. लवट्याचा मेहुणा सगळ्यात पुढं होता. त्यानं झाडाखाली पाहिलं आणि काही न विचारता पहिल्या समोर आलेल्या माणसावर कोयता चालवला. त्या माणसानं हात आडवा धरला. तीन बोटं मातीत पडली आणि तो ती उचलायला वाकला, नाणी पडल्यावर वाकावं तसा. तात्याला कुणीतरी ढकललं, तो कालव्याच्या काँक्रीटवरून घसरत खाली गेला आणि तळाच्या हिरव्या पाण्यात बसून राहिला. दांडे, कोयते, दगड. कुणी शिव्यासुद्धा देत नव्हतं. नुसती धाप आणि पावलं.

किती वेळ, ते मला आजही सांगता येतं, कारण ते भाषांतर सव्वीस मिनिटंच घ्यायचं.

ऑफिसचं दार उघडलं. शलाका उंबऱ्यावर आली. हातात छापलेला कागद होता. ती खाली उतरली नाही. कागद समोर धरला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी, खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"बेचाळीस. बोबडे जालिंदर मारुती. चार तास."

कुणी थांबलं नाही.

"त्रेचाळीस. बोबडे तात्याबा गणू. तीन तास. चव्वेचाळीस. पवार सुभाष नामदेव. अडीच तास."

एक माणूस दांडा वर धरून थांबला. तो पवार असावा.

"पंचेचाळीस. शेळके रंगनाथ कोंडीबा. दोन तास. शेहेचाळीस. शेळके इंदूबाई रंगनाथ. दोन तास."

ती वाचत राहिली. ज्याचं नाव येई, तो थांबे. समोरचा मारायचा थांबला, की वाघजळचा माणूसही कोयता खाली घेई, नुसता बघत राही. पंचावन्नपर्यंत अंगणात फक्त तिचाच आवाज होता. ती चौसष्टाव्या नावापर्यंत थांबली नाही. मग म्हणाली, "संस्थेच्या कॉम्प्युटरवरून छापलंय हे. आत येऊन बघा. ह्या माणसानं एकही नाव काढलेलं नव्हतं."

जालिंदरनं हातातल्या चावीकडे पाहिलं. त्यानं ती खाली टाकली नाही, जमिनीवर हळूच ठेवली, कुणाची तरी वस्तू परत करावी तशी. मग तो त्या चावीशेजारीच बसला. पोलिसांची जीप आली तेव्हाही तो तिथंच होता.

त्या दिवशी दार चार वाजता उघडलं. बंदोबस्तात. पाणी वाघजळवरून चिंचखोरीला पोचलं, कुणाची पाळी चुकली नाही. जालिंदरची पाळी त्याच्या बायकोनं घेतली.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. जालिंदरला शिक्षा झाली. मेहुण्यालाही झाली. मी नोकरी सोडली. शलाका अजून त्याच व्यवसायात आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे. लवटे संस्थेत परत कामाला लागला आणि पुढं नुसतं पोटापुरतं नाही, तर चांगलं नावही कमावून निवृत्त झाला. पण हे सगळं व्हायच्या आधी एक दिवस होता, आणि सांगायचं ते त्याचं आहे. इतकी वर्षं मी ते सांगावं की नाही या विचारातच घालवली.

मारामारीनंतरचा सहावा दिवस. संस्थेनं लवट्याला कामावरून दूर केलं होतं आणि चौकशी नेमली होती. यादी दुरुस्त झाली हे खरं, पण आधी ती का बिघडली? कंपनीनं लिहून दिलं की 'तांत्रिक अडचण होती, दूर केली आहे'. यापलीकडे मालकांना काही लिहायचं नव्हतं. उलट तीस माणसांनी जबाब दिला होता, की लवट्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. शलाका चिडून मालकांशी भांडली, पण तिचं म्हणणं तोंडी होतं आणि लवट्याला वाचवायला ती असं बोलते आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. माझ्या तोंडाला टाके होते. पिशवीत बाड होतं.

लवटे खाटेवर टेकून बसला होता. डाव्या बाजूला अर्ध्या डोक्यापर्यंत पट्टी. पाय प्लास्टरमध्ये. त्याची बायको मला बघून उठली, स्टूल पुढं केलं आणि चहा आणायला गेली. मी चहा नको म्हणायच्या आत गेली.

"साहेब, तुमचा दात गेला," तो म्हणाला.

"एकच गेला."

"लागलं फार?"

मी पिशवी मांडीवर घेतली. तो वाट बघत राहिला आणि मग, जणू तेच विचारायला मी आलो आहे अशा समजुतीनं, खालच्या आवाजात म्हणाला, "मी सहा दिवस आठवतोय, साहेब. त्या सकाळी मी काय काय दाबलं ते. यादी उघडली. मग छापाचं बटण. मधे एकदा माझं बोट चुकून दुसरीकडे लागलं होतं का, ते काही केल्या आठवत नाही. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं, लाल बटण दाबायचं नाही. मी दाबलं नसेल ना?"

"नाही."

"नक्की कसं सांगता? तुम्ही तेव्हा चहाला गेला होतात."

मी पिशवीतून बाड काढलं. मातीचे डाग पडले होते, एका कोपऱ्याला माझंच रक्त होतं. ते पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खिशातली चिठ्ठी काढून पूर्वी होती तशी पानात ठेवली.

लवट्यानं उजवा डोळा जवळ नेला. चिठ्ठी मराठीत होती, माझ्या बारीक अक्षरात. त्यानं ती हळूहळू, मोठ्यानं वाचली.

"यादी संपली तर जावा अडवते, जावास्क्रिप्ट अडवत नाही. आपल्या पाळीच्या यादीत दोन गावं आहेत. दुसरं गाव गळेल का? शलाकाला विचारणे. अकरा मार्च."

तो थांबला. चिठ्ठीवरची तारीख त्यानं बोटानं पुन्हा पाहिली. मारामारी सात एप्रिलला झाली होती.

"विचारलंत?"

"तिच्या टेबलापाशी गेलो होतो. ती कामात होती. बोट वर करून म्हणाली, एक मिनिट, काका. मी उभा राहिलो. मग परत आलो."

"मग पुन्हा?"

"पुन्हा गेलो नाही."

बाहेर कुणाचीतरी ढकलगाडी करकरत गेली. लवटे रागावेल, बाड फेकून देईल, बायकोला हाक मारून मला बाहेर काढायला लावेल, असं मी बसमध्ये तीन तास मनाशी घोकलं होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"का नाही गेलात?" त्यानं विचारलं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं.

"ती एवढी हुशार मुलगी. मी पुस्तिका लिहिणारा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असणार."

लवटे एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिला. झाडाखालून बघत होता तसाच.

"मलाही तसंच वाटलं, साहेब," तो म्हणाला. "शेवटी. एवढी सगळी माणसं म्हणतायत, तर माझ्याच हातून झालं असणार."

त्याची बायको चहा घेऊन आली. दोघांनी चहा घेतला. मला गरम चहा तोंडाच्या एकाच बाजूनं प्यावा लागत होता, त्यालाही वाकता येत नव्हतं म्हणून ती बशीत ओतून देत होती. चहा संपल्यावर त्यानं चिठ्ठी पानातून काढली, पाहिली आणि पुन्हा होती तिथं नीट ठेवली. बाड मिटून माझ्याकडे दिलं.

"उद्या अकराला चौकशीचे साहेब येणारेत. संस्थेत. दोन्ही गावांची माणसं असतील."

"मी येतो," मी म्हणालो.

"सांगाल?"

मी काहीतरी म्हणालो.

"साहेब, त्या दिवशी तुम्ही पडलात, तेव्हा तुमचे ओठ हलत होते. काय म्हणत होतात, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही." त्यानं मान उशीवर टेकवली. "उद्या जरा मोठ्यानं बोला."